पाठ केलं तरी व्हॉइस्ड-व्हॉइसलेस चुकतंच? आधी ‘प’मधला ‘अ’ काढा

परीक्षा पंधरा दिवसांवर आली की माझ्या फोनवर एकच प्रश्न यायला लागतो. मुलं वेगळी, गावं वेगळी, प्रश्न तोच. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची असोत, एम.ए.ची असोत नाहीतर सेट-नेटवाली, इंग्लिश फोनेटिक्सच्या पेपरात ‘थ्री टर्म लेबल लिहा’ (म्हणजे ध्वनी व्हॉइस्ड की व्हॉइसलेस, गळा थरथरतो की नाही, शिवाय तोंडात कुठे आणि कसा होतो, हे तीन शब्दांत सांगा) आलं की चारातली दोन तरी चुकतात, आणि ही पोरं आळशी असतात असं अजिबात नाही हां, ध्वनींचा अख्खा तक्ता पाठ असतो, काहींच्या तर पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. यंदा सांगलीकडच्या एका मुलीचा व्हॉइस मेसेज आला, ‘मॅडम, मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे गळ्याला बोट लावून बघितलं, पी म्हणताना गळा थरथरतोय, म्हणजे व्हॉइस्ड ना, मग पुस्तकात व्हॉइसलेस का लिहिलंय, छापायला चुकलंय का?’

पुस्तक बरोबर आहे. आणि गंमत म्हणजे तिचं बोटही बरोबर आहे, गळा खरंच थरथरत होता. मी तिला म्हटलं, तू काय म्हणालीस ते परत म्हणून पाठव. तिने पाठवलं: ‘प, प, प’. आता यात काय झालंय बघा, आपण देवनागरीवाले, आपल्याला पाय मोडल्याशिवाय व्यंजन एकटं म्हणायची सवयच नाही, ‘प’ म्हटलं की त्यात ‘अ’ आलाच, आणि स्वर तर सगळेच्या सगळे घोष, म्हणजे व्हॉइस्ड, असतात, त्यामुळे बोटाला जी थरथर लागते ती ‘अ’ची असते, पी बिचारा आधीच गुपचूप होऊन गेलेला असतो. इंग्लिश अक्षराचं नाव घेऊन ‘पी’ म्हणालात तरी तेच, तिथे ‘ई’ थरथरते. माझ्या अंदाजाने या एकाच गोष्टीने निम्म्या चुका होतात, म्हणून इथूनच सुरू करते.

उपाय असा. प-बपासून सुरुवातच करू नका, ते अवघड गिऱ्हाईक आहे. आधी असे आवाज घ्या जे लांबवता येतात. ‘स्सस्सस्स’, गॅसच्या नळीतून गळती झाल्यासारखा. दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा (गळ्याला बोट लावण्यापेक्षा हे जास्त खात्रीचं, डोक्यात सरळ गुणगुण ऐकू येते) आणि स्सस्स करता करता श्वास न तोडता, जीभ न हलवता, झेड करा, ‘झ्झझ्झ’, कानाशी मच्छर आल्यासारखा. ज्या क्षणी झेड सुरू होतो त्या क्षणी डोक्यात मोटर चालू झाल्यासारखं वाटतं. तीच व्हॉइसिंग. स्वरतंतू जवळ येऊन थरथरतात, पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या दोनशेच्या आसपास. परत एस करा, मोटर बंद. एस-झेड-एस-झेड असं एका श्वासात चार वेळा केलं की विषय डोक्यात बसतो, मग एफ आणि व्ही घ्या, तसंच. फक्त झेड करताना माझं-तुझं मधला ‘झ’ आणू नका, त्यात सुरुवातीला जीभ टेकते आणि शेवटी ‘ह’ची फुंकर येते, इंग्लिश झेडमध्ये टेकणंही नाही आणि फुंकरही नाही, नुसतं घासत राहायचं.

हे जमलं की मग पी-बी. शब्दाच्या शेवटी घ्या, ‘कॅप’ म्हणा आणि ओठ मिटलेलेच ठेवा, उघडूच नका. ओठ मिटल्यावर काही ऐकू येतंय का? काही नाही, शुद्ध शांतता. तो पी. आता ओठ मिटून ‘ब्’ धरून ठेवायचा प्रयत्न करा, एक क्षणभर बंद तोंडातून गुंगुं येईल, गाल फुगतील आणि मग तोंडात हवा भरली की आपोआप बंद पडेल. तो बी. याच पद्धतीने टी-डी आणि के-जी होतात.

एक मुलगा होता, त्याचं सगळंच व्हॉइसलेस येत होतं. झेड व्हॉइसलेस, व्ही व्हॉइसलेस, एम सुद्धा. मला कळेना. शेवटी विचारलं, अभ्यास कधी करतोस, तर म्हणे रात्री, रूमवर बाकीचे झोपलेले असतात म्हणून कुजबुजत. कुजबुजताना स्वरतंतू थरथरतच नाहीत हो, तीच तर कुजबूज! तेव्हा ही टेस्ट मोठ्याने करायची, लोक हसले तरी.

अजून एक तक्रार नेहमी येते: ‘बॅग’मधला शेवटचा जी बोटाला लागत नाही. बरोबर आहे, इंग्लिशमध्ये शब्दाच्या शेवटचे बी-डी-जी बरेचदा अर्धवटच घोष राहतात, ऐकणारा माणूस ‘बॅग’ आणि ‘बॅक’मधला फरक मुख्यतः आधीच्या स्वराच्या लांबीवरून ओळखतो, बॅगमधला ‘ॲ’ लांबतो, बॅकमधला आखूड पडतो. लेबल मात्र व्हॉइस्डच लिहायचं.

पाठ करायचंच असेल तर चोवीस गोष्टी कशाला करता? ब्रिटिश आर.पी. (रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन, तिकडचा प्रमाण मानलेला) उच्चारात, जो आपल्याकडच्या बहुतेक सिलॅबसला असतो, एकूण ४४ ध्वनी, २४ व्यंजनं आणि २० स्वर. स्वर सगळे घोष. २४ व्यंजनांतली व्हॉइसलेस फक्त ९. पी, टी, के, ‘चेअर’मधला च, एफ, ‘थिन’मधला थीटा, एस, ‘शू’मधला श, आणि एच. बास. उरलेली १५ डोळे झाकून व्हॉइस्ड.

आता या नवातल्या एचने त्या सांगलीच्या मुलीच्या घरात भांडण लावलं. तिचे वडील शाळेत संस्कृत शिकवतात. ते म्हणाले, ‘ह’ घोष आहे, आमच्या व्याकरणात हजारो वर्षांपासून घोष आहे, तुझी मॅडम काय सांगते? मुलगी रडकुंडीला आली. तर बाबांचंही बरोबर आहे आणि पुस्तकाचंही. आपला ‘ह’ खरंच घोष असतो, ‘बहीण’ म्हणताना कान दाबून बघा, मोटर मध्ये कुठे बंदच होत नाही. इंग्लिश ‘हॅट’चा एच मात्र नुसती हवा आहे, आरशावर वाफ सोडतो तशी. लेबल इंग्लिश ध्वनीचं विचारलंय, मराठीचं नाही, म्हणून व्हॉइसलेस ग्लॉटल फ्रिकेटिव्ह, ग्लॉटल म्हणजे स्वरतंतूंपाशी होणारा, फ्रिकेटिव्ह म्हणजे हवा घासत जाणारा.

आणि इथूनच दुसरी भानगड सुरू होते. आपल्याला वर्णमाला येते हा आपला फायदाही आहे आणि घातही.

फायदा आधी सांगते. पहिलीत असताना क-ख-ग-घ-ङ घोकलं ना, ती नुसती अक्षरांची रांग नाहीये, तो तक्ताच आहे. क-वर्ग तोंडाच्या मागे, मग च, ट, त करत करत प-वर्ग ओठांवर, म्हणजे मागून पुढे येणारी जागा. आणि प्रत्येक ओळीत आधी दोन अघोष (व्हॉइसलेस), मग दोन घोष, मग नाकातला. इंग्रजीत ए-बी-सी-डी, काय संबंध आहे ए आणि बीचा? काही नाही. आपल्याकडे प्रातिशाख्यांच्या (वेदांच्या उच्चारांवरच्या जुन्या ग्रंथांच्या) काळापासून स्थान म्हणजे जागा आणि प्रयत्न म्हणजे पद्धत याच हिशोबाने वर्ण लावलेत, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या अभ्यासकांनी संस्कृत व्याकरण वाचलं त्याचा तिकडच्या फोनेटिक्सवर चांगलाच परिणाम झाला. १८८६मध्ये पॅरिसला जी संस्था सुरू झाली, जिचा आय.पी.ए.चा (आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचा) तक्ता तुम्ही भिंतीवर लावता, त्या तक्त्यातही आडव्या दिशेने जागा आणि उभ्या दिशेने पद्धत हेच आहे, फक्त तो ओठांपासून सुरू होऊन गळ्याकडे जातो, आपली वर्णमाला उलटी येते. आणि त्या तक्त्यात एका घरात दोन चिन्हं असतील तर डावीकडचं व्हॉइसलेस, उजवीकडचं व्हॉइस्ड. हे कळल्यावर निम्मं पाठांतर वाचतं.

आता घात. मुलं काय करतात, इंग्लिश ध्वनी ऐकतात, मनातल्या मनात त्याला मराठी अक्षर देतात, त्या अक्षराचं स्थान आठवतात आणि त्याचं इंग्लिश भाषांतर करून टाकतात. के म्हणजे क, क म्हणजे कंठ्य, कंठ म्हणजे गळा, गळा म्हणजे ग्लॉटल. झालं, मार्क गेला. के व्हेलर आहे, जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो, तुमचा ‘क’ पण तिथेच होतो, जुनं नाव कंठ्य आहे एवढंच. ग्लॉटल फक्त एच. तसंच ‘च’ म्हणजे तालव्य म्हणून पॅलेटल लिहितात. इंग्लिशमध्ये पॅलेटल एकच, ‘येस’मधला य. ‘चेअर’, ‘जॅम’, ‘शू’ आणि ‘व्हिजन’मधला तो घासणारा आवाज, हे चारही पॅलेटो-अल्व्हिओलर, म्हणजे दातांमागचा उंचवटा आणि टाळू यांच्या मधले. आणि मराठीत तर ‘च’ दोन आहेत, चिमणीतला वेगळा आणि चहातला वेगळा, ज पण दोन, ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘जरा’ म्हणजे थोडं, लिहायला एक, म्हणायला दोन. चहाचा च घेऊन ‘चेअर’चं लेबल शोधायला गेलात तर जीभ दातांच्या मुळाशीच अडकणार.

सगळ्यात जास्त घोळ घालणारे तीन सांगते, इथे जरा थांबा.

पहिला टी-डी. आपला ‘त’ दातांना टेकून, आपला ‘ट’ जीभ मागे वळवून. इंग्लिश टी या दोघांच्या मधे, दातांच्या मागे जो खडबडीत उंचवटा आहे तिथे, अल्व्हिओलर. शोधायला सोपी युक्ती: ‘ल’ म्हणा आणि जीभ तिथेच ठेवा. जिथे टोक टेकलंय ना, तिथूनच ‘ट’ म्हणायचा प्रयत्न करा. सुरुवातीला ‘त’ आणि ‘ट’ची खिचडी येते, घाबरू नका, तीच हवी आहे. टी, डी, एन, एल, एस, झेड ही सहा एकाच पत्त्यावर राहतात हे कळलं की लेबल आयुष्यात चुकत नाही. जीभ मागे वळवून बोललात म्हणून कुणी फाशी देत नाही, भारतीय इंग्लिश तसंच आहे आणि मला ते आवडतंही, पण लेबल आर.पी.चं विचारलंय तर मूर्धन्य म्हणून रेट्रोफ्लेक्स लिहू नका.

दुसरा ‘थिन’चा आणि ‘देन’चा पहिला आवाज. आपण ‘थ’ आणि ‘द’ म्हणतो, जागा बरोबर आहे, डेंटल, पण पद्धत चुकते. आपल्या थ-दमध्ये जीभ दातांवर दार लावते आणि मग उघडते, इंग्लिशमध्ये दार किलकिलंच राहतं, हवा सतत घासत बाहेर येते. म्हणून मुलं लेबलात प्लोझिव्ह (हवा पूर्ण अडवून सोडलेला) लिहितात, तोंडात जे होतंय ते लिहितात बिचारी. तपासायची रीत: आवाज लांबवून बघा. थथथथ असं तुटक तुटक होतंय तर प्लोझिव्ह, थ्थ्थ्थ असा श्वास संपेपर्यंत सलग चालतोय तर फ्रिकेटिव्ह. जिभेचं टोक दातांच्या फटीत किंचित बाहेर काढा, आरशात जीभ दिसली पाहिजे. माझ्या एका विद्यार्थिनीचा पाच वर्षांचा मुलगा, पुढचे दात पडलेले, त्याला हा आवाज पहिल्या झटक्यात आला, आई अजून प्रयत्न करतेय.

तिसरा आणि सगळ्यांचा लाडका, व्ही आणि डब्ल्यू. ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’, ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’, ‘व्हेट’ आणि ‘वेट’. मराठीत आपण एक सोय करून ठेवलीये, व्हीला ‘व्ह’ आणि डब्ल्यूला ‘व’, व्हॅन, व्हिडिओ, पण वॉर्ड, वॉटर. लिहायला झकास, पण मुलं मग खरंच व आणि ह जोडून फुंकर मारतात, न्हावी-व्हावं म्हणतो तसं. व्हीमध्ये ह कुठेच नाही. आपला मूळचा ‘व’ म्हणजे ओठ दातांच्या जवळ जातो, नमस्कार करतो आणि परत येतो, घासत नाही. इंग्लिशचे दोघे याच्या दोन बाजूंना आहेत. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर खरंच टेकवा आणि एफ करा, आता मोटर चालू करा, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत, झाल्या तर तो व्हॉइस्ड लेबियो-डेंटल फ्रिकेटिव्ह. डब्ल्यूसाठी शिट्टी वाजवायला करतो तसे ओठ गोल, दात कुठेच लागत नाहीत, आणि त्याच वेळी जिभेचा मागचा भाग मऊ टाळूकडे उचललेला असतो, म्हणून लेबियो-व्हेलर सेमी-व्हॉवेल. काही ठिकाणी नुसतं बायलेबियल (दोन्ही ओठांचा) लिहिलेलं सापडेल, तुमच्या सिलॅबसच्या पुस्तकात जे असेल ते धरा. समोर आरसा ठेवा आणि ‘व्हेरी वेल’ दहा वेळा म्हणा, पहिल्या शब्दात दात दिसले पाहिजेत, दुसऱ्यात दिसता कामा नयेत. आवाजावर विश्वास ठेवू नका, आपला कान या बाबतीत फितूर आहे, आरशावर ठेवा.

फचं जाता जाता. एफ लेबियो-डेंटल, आपला मूळचा ‘फ’ म्हणजे प-वर्गातला, दोन्ही ओठ मिटून. पण हल्ली शहरात ‘फळ’ आणि ‘फूल’ सुद्धा दात लावून म्हणतात, फूल मागितलं की इंग्लिशमधला मूर्ख हजर. म्हणजे इथे इंग्लिशनेच मराठीला गाठलंय. त्यामुळे बऱ्याच मुलांचं एफचं लेबल न शिकवता बरोबर येतं आणि ‘फ’चं चुकतं, हा उलटा न्याय.

एक जण दर वर्षी ‘व्हॉइसलेस ॲस्पिरेटेड बायलेबियल प्लोझिव्ह’ असं चार शब्दांचं लेबल लिहितो. म्हणजे नाव बदलतं, लेबल तेच. महाप्राण, म्हणजे ख-फमधली ‘ह’ची फुंकर (ॲस्पिरेशन), आपल्या डोक्यात इतका बसलाय की तो आपोआप उतरतो. मराठीत ‘पळ’ आणि ‘फळ’ वेगळे शब्द आहेत, ‘काल’ आणि ‘खाल’ वेगळे, त्यामुळे प्राण मोजावाच लागतो. इंग्लिशमध्ये ‘पिन’च्या पीला फुंकर असते आणि ‘स्पिन’च्या पीला नसते, पण त्या फुंकरीने शब्द बदलत नाही. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून दोन्ही म्हणा, इंग्रजाच्या पिनला पट्टी उडते, स्पिनला हलत नाही. आपली मात्र दोन्हीला हलत नाही, आणि म्हणूनच आपली ‘पिन’ त्यांना कधी कधी ‘बिन’ ऐकू येते. थ्री टर्म म्हणजे तीनच: मोटर चालू की बंद, कुठे, कसं.

‘कसं’ हा तिसरा भाग लोक उगाच अवघड करतात. लांबवून बघा. लांबतच नाही, फट्कन सुटतो, तर प्लोझिव्ह, असे सहा. लांबतो आणि घासतो, फ्रिकेटिव्ह, असे नऊ. सुरुवात अडल्यासारखी आणि शेवट घासत, तर ॲफ्रिकेट, फक्त दोन, ‘चेअर’चा आणि ‘जॅम’चा. लांबवताना नाक दाबलं की आवाज जागच्या जागी मेला, नेझल, तीन. जिभेच्या दोन्ही कडांनी हवा जाते तो लॅटरल, एकटा एल (आपला ‘ळ’ पण याच घराण्यातला, पण इंग्रजांच्या नशिबात तो नाही). आणि अडतही नाही, घासतही नाही, नुसता सरकतो, ते तीन, ‘येस’चा, ‘वेट’चा आणि ‘रेड’चा. सहा, नऊ, दोन, तीन, एक, तीन, बेरीज करा, २४ आली पाहिजे, नाही आली तर काहीतरी विसरलात.

‘रेड’च्या आरबद्दल एक, आपला ‘र’ जीभ फडफडवतो, आर.पी.चा आर कुठेच टेकत नाही, जीभ उंचवट्याच्या मागे नुसती उचलून धरलेली. म्हणून त्याच्या लेबलात फ्रिक्शनलेस कंटिन्युअंट असं लांबलचक नाव असतं. आणि इथेच पुस्तकांचा गोंधळ येतो, एका पुस्तकात प्लोझिव्ह, दुसऱ्यात स्टॉप, एकात सेमी-व्हॉवेल, दुसऱ्यात अप्रॉक्सिमंट, एकात पॅलेटो-अल्व्हिओलर, दुसऱ्यात पोस्ट-अल्व्हिओलर. सगळं बरोबर. पण एकाच उत्तरपत्रिकेत दोन्ही घराण्यांची नावं मिसळली की तपासणाऱ्याला वाटतं पोराला कळलेलं नाही. एक पुस्तक धरा, बाकीची मिटा.

पुढची तक्रार, ‘मॅडम, लेबल बरोबर लिहिलं तरी चूक दिली’. उत्तरपत्रिका मागवून बघितली तर प्रश्न होता ‘चेफ’... बघा मी पण स्पेलिंगच वाचलं, ‘शेफ’ या शब्दातल्या पहिल्या ध्वनीचं लेबल. मुलाने सी-एच बघून ॲफ्रिकेट लिहिलं. ‘केमिस्ट्री’मध्ये तेच सी-एच के असतं. ‘थॉमस’मध्ये टी-एच असून नुसता टी. ‘वन’ लिहिताना ओ पण सुरू होतो डब्ल्यूने, ‘युनिट’ लिहिताना यू पण सुरू होतो य ने, ‘अवर’मध्ये एच शोभेला. ‘ऑफ’ म्हणतो ना आपण सगळीकडे, त्या ‘ओ-एफ’वाल्या शब्दात एफ नाहीच, व्ही आहे. ‘बॉक्स’च्या शेवटी दोन ध्वनी, ‘एक्झाम’च्या मधे पण दोन पण वेगळे, घोष. आणि सगळ्यात खोडकर म्हणजे आय.पी.ए.तलं ‘जे’ (j) या अक्षराचं चिन्ह, ते ‘जॅम’चं नाही, ‘येस’चं आहे. तेव्हा शब्द दिसला की आधी डोळे मिटून तो म्हणायचा, कानाने ध्वनी पकडायचा, मग पेन उचलायचं. अक्षराला लेबल नसतं, आवाजाला असतं.

हे शिकून उपयोग काय असं विचारणाऱ्यांसाठी: ‘वॉक’ला ई-डी लावलं की ‘वॉक्ट’ होतं, ‘बेग’ला लावलं की ‘बेग्ड’, ‘कॅट्स’मध्ये स आणि ‘डॉग्ज’मध्ये झेड. शेवटचा ध्वनी अघोष असेल तर पुढचा अघोष, घोष असेल तर घोष. आपण सगळे ‘वॉक्ड’ म्हणून डी जोर लावून उच्चारतो, नऊ व्हॉइसलेस पाठ असतील तर हे नियम वेगळे शिकावे लागत नाहीत. फक्त टी-डीनंतर ‘वॉन्टेड’सारखं ‘इड’ आणि एस-झेड वगैरे घासणाऱ्यांनंतर ‘बसेस’सारखं ‘इझ’, एवढे अपवाद.

आता नाकातला तिसरा, शेपटीवाला एन, त्याला एंग म्हणतात. ‘सिंग’ या शब्दाच्या शेवटी जी नाहीच, नुसता ङ आहे, हे ऐकून वर्गात दर वर्षी बंड होतं. ‘मॅडम, जी ऐकू येतोय!’ तुम्ही म्हणताय म्हणून येतोय. ‘सिंगर’मध्ये जी नाही, ‘फिंगर’मध्ये आहे, दोन्हीचं स्पेलिंग शेवटी सारखंच. कारण ‘सिंगर’ हा ‘सिंग’ला शेपूट लावून झालेला, ‘फिंगर’ मुळातच अख्खा. आपल्याला हे जड जातं कारण मराठीत ङ एकटा सापडतच नाही, अंक, गंगा, पंखा, कायम क-वर्गाचा हात धरून. एकटा येतो तो ‘वाङ्मय’मध्ये, आणि तिथे आपण काय करतो? ‘वांग्मय’ म्हणतो. मराठीचे प्राध्यापक सुद्धा. तोच ग, जो ‘सिंगर’मध्ये घुसवतो. नाक दाबा आणि ‘सिंग’ म्हणून शेवट लांबवा, ङ्ङ्ङ्ङ, आवाज बंद पडला की तुम्ही बरोबर जागी आहात, आता तिथूनच ‘अ’वर जा, मधे कुठेही दार उघडल्यासारखा धक्का लागता कामा नये. हेच ‘वाङ्’ म्हणून थेट ‘मय’वर जाऊन करा. सांगलीच्या मुलीने हे घरी केलं, आणि तिचे वडील म्हणाले म्हणे, एवढी वर्षं मी वर्गात वांग्मय म्हणत आलो. ‘ह’चं भांडण तिथे मिटलं.

स्वरांचं थोडक्यात, कारण तिथे चूक एकच होते. मुलं स्वराच्या लेबलातही ‘व्हॉइस्ड’ लिहितात. सगळेच घोष असल्यावर लिहून काय फायदा? तिथे तीन प्रश्न वेगळे: जिभेचा कुठला भाग, पुढचा, मधला, मागचा, किती वर, आणि ओठ गोल की नाही. आणि मराठी लिपी तिथे पण दगा देते. ‘गेट’ असं लिहून दिलं तर सांगा, मिळवणे की दार? एकात छोटा साधा स्वर आहे आणि दुसऱ्यात ‘ए’कडून ‘इ’कडे सरकणारा जोडस्वर, डिफ्थाँग, आर.पी.त असे ८ आहेत. आपल्या ‘ए’ आणि ‘ओ’मध्ये सरकणं नाही, म्हणून ‘पेन’ दुखतं की लिहितं ते आपल्या तोंडून कळत नाही. ‘शिप’ आणि ‘शीप’चंही तसंच, शाळेत ऱ्हस्व-दीर्घावरून मार खाल्ला तो लिहिण्यासाठी, बोलताना आपण ते पाळतो कुठे. आरशासमोर ‘दार’वाला गेट म्हणा आणि जबडा बघा, म्हणता म्हणता थोडा मिटायला पाहिजे. मिळवण्याच्या गेटला तो हलत नाही.